जुन्या रेसिंग इंजिनातले बदल कसे ओळखायचे?

शिक्षक-पालक मित्रांनो, नववी-दहावीच्या मुलांना निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक समजावायला एक वेगळं उदाहरण घेऊ.

अमेरिकेत फोर्डने 1932 साली व्ही-8 इंजिनाची स्वस्त गाडी आणली. शर्यतीचा नाद असलेले तरुण या इंजिनाला बाहेरच्या कारखान्यांचे सुटे भाग बसवत. आज असं इंजिन हाती आलं, तर मूळ काय आणि बदललेलं काय?

पहिली खूण हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाची. लोहचुंबक लावा. चिकटला नाही, हे निरीक्षण. "म्हणजे हेड बाहेरचं!" हे मुलांचं अनुमान. पण 1933 पासून काही वर्षं फोर्ड स्वतःच ॲल्युमिनियमची हेड देत होती! चुंबक लोखंड आहे की नाही एवढंच सांगतो. कोणी बनवलं ते नाही. त्यासाठी हेडवर ओतलेलं नाव, क्रमांक बघायचा.

दुसरी खूण आत लपलेली. 1949 ते 1953 च्या फोर्ड व्ही-8 मध्ये पिस्टन सुमारे 9.5 सेंमी सरके, त्याच कंपनीच्या मर्क्युरीत 10.2 सेंमी. म्हणून मर्क्युरीचा क्रँकशाफ्ट फोर्डमध्ये घालत. सिलिंडरचा व्यास 8.1 सेंमी धरून मुलांना वृत्तचितीचं घनफळ काढायला सांगा, मग 8 ने गुणा. 3.9 लिटरचं इंजिन 4.2 लिटरचं होतं. बाहेरून मात्र काहीच कळत नाही!

आणि हो, खुणा नोंदवल्याशिवाय भाग घासून चकचकीत करायचा नाही; पुरावाच पुसला जातो.

पालकांनो, घरच्या जुन्या सायकलवर हे करून बघा. कोणता भाग मूळ, कोणता नंतरचा? प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारा : "कशावरून?"