१९९०चा ‘नंबर एक’ अल्बम कोणता?

प्रश्न : १९९० साली देशात सर्वांत जास्त खपलेला अल्बम कोणता? आमच्या घरी सगळे ठामपणे ‘आशिकी’ म्हणतात. पण त्या वर्षीच्या गीतमालेत पहिलं आलं ‘आज का अर्जुन’मधलं गाणं. मग खरं काय?
– एक वाचक, सराफा बाजार, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : गीतमालेशी तुलना केल्यामुळे हा घोळ झाला आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींनी सुरू केलेल्या या कार्यक्रमात क्रम लागायचा तो एकेका गाण्याचा. दुकानांतून कळणारी विक्री आणि श्रोता-संघांची पसंती, दोन्ही त्यात धरलेली असत. त्यामुळे एकाच तुफान गाण्याच्या जोरावरही एखादा चित्रपट वर चढे. ‘आशिकी’ची कॅसेट मात्र लोक सगळ्याच गाण्यांसाठी घेत होते.

मग कॅसेटचा खप कुणी मोजला? स्वतंत्रपणे, देशभर, कुणीच नाही. तुमच्या बाजारात सोन्याचा भाव सगळ्या पेढ्यांवर चालतो, कारण तोळा आणि कस सर्वांना मान्य असतो. कॅसेटच्या धंद्यात असा सामाईक काटा नव्हता. कंपनीला ठाऊक असे ते माल किती रवाना केला एवढंच. गिऱ्हाइकाच्या हाती किती गेला, हे नव्हे. त्यात टी-सीरिज या कॅसेट कंपनीने स्वस्त कॅसेट किराणा दुकानांत आणि पानाच्या ठेल्यांवरही पोचवल्या. संगीत घराघरांत गेलं ते त्यामुळेच, पण तिथल्या विक्रीची नोंद कोण ठेवणार? शिवाय चोरट्या प्रती कुठल्याच वहीत चढत नसत. म्हणून ‘आशिकी’ अफाट खपली हे नक्की. ती पहिलीच होती, हे सिद्ध करणारा तक्ता मात्र नाही.

‘गोल्ड डिस्क मिळाली म्हणजे पहिला नंबर’ हाही एक गैरसमज. ठरावीक खप ओलांडला की ती मिळते. एका वर्षी अनेकांना मिळू शकते. आपल्याकडे तर ती बहुधा कंपनीच आपल्या कलाकारांना देई.

अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाचा अल्बमचा तक्ता जुना आहे; मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ १९८३ आणि १९८४ अशी दोन्ही वर्षं त्यात अव्वल ठरला. पण तिथेही १९९१पर्यंत दुकानदारांना विचारूनच क्रम लावत. गल्ल्यावरच्या बारकोडची मोजणी त्यानंतरची.

असा वार्षिक तक्ता आपल्याकडे असता, तरी तुमच्या लष्करातल्या कृष्णराव शंकर पंडितांसारख्या गवयांना त्यात जागा मिळाली नसती, याचं मला वाईट वाटतं. ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रिका वर्षानुवर्षं, थोड्याथोड्या घेतल्या जातात. एका वर्षाच्या मापात त्या सापडत नाहीत.

अलीकडे, २०२१ साली, भारतीय संगीत उद्योगाच्या संघटनेने साप्ताहिक यादी सुरू केली. तीही इंटरनेटवर ऐकल्या जाणाऱ्या परदेशी गाण्यांची. २०२२च्या ‘बिलबोर्ड’च्या भारतीय यादीतही क्रम गाण्यांचाच होता.