गव्हाचें वावडें, अंगाची खाज आणि शेतकऱ्याचें कर्तव्य

शेतीच्या मासिकांत त्वचेच्या विकाराची चर्चा कशास, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या रोगाचें मुख्य औषध दवाखान्यांत नसून शेतांत, खळ्यावर व गिरणींत आहे, त्या रोगाची माहिती धान्य पिकविणारास नसावी हें बरें नव्हे. सीलिअ‍ॅक या नांवानें ओळखला जाणारा विकार असाच आहे. गहूं, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचा जो चिकट प्रथिनांश असतो, तो या रोग्यांस सोसत नाहीं. आणि त्यांपैकीं कित्येकांस पोटाच्या व्याधीबरोबर अंगाची खाजहि छळते. पुणें शहरांतील अशा रोग्याची भिस्त आपण पिकविलेल्या शाळू-बाजरीवर असते. त्या रोग्याच्या खाजेचा अर्थ काय, आणि त्याची भाकर निर्धोक व्हावी म्हणून आपण काय करावें, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

रोगाचें स्वरूप

मळलेली कणीक पाण्याच्या धारेखालीं धूत गेल्यास पिष्टांश वाहून जातो व हातांत रबरासारखा लवचिक गोळा राहतो. तेंच ग्लूटेन होय. त्याच्या योगानें पोळी पातळ लाटतां येते व पाव फुगतो. निरोगी माणसास त्यापासून अपाय नाहीं. सीलिअ‍ॅकच्या रोग्याचें शरीर मात्र त्यास शत्रु समजून झगडूं लागतें, आणि त्या झगड्यांत लहान आंतड्याच्या अस्तरावरील बारीक अंकुर झिजून जातात. अन्नरस शोषून घेण्याचें काम या अंकुरांचें असल्यामुळें खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. मुलांची वाढ खुंटते, पोट फुगतें, जुलाब होतात. मोठ्या माणसांत रक्त कमी होतें व हाडें ठिसूळ होतात. कित्येकांस पोटाची तक्रार मुळींच नसते. हा विकार संसर्गानें जडत नाहीं. त्याची प्रवृत्ति वंशांतून येते, म्हणून रोग्याच्या भावंडांची व मुलांची तपासणी करणें योग्य ठरतें.

गव्हाचा हा संबंध प्रथम सिद्ध केला तो हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनीं. त्यांस १९३० नंतरच्या दशकांतच गव्हाचा संशय आला होता. पुढें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत महायुद्धामुळें त्या देशांत दुष्काळ पडला व पाव दुर्मिळ झाला; त्या काळच्या अनुभवानें त्यांचें मत अधिकच दृढ झालें. १९५० सालीं त्यांनीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला, आणि गहूं वर्ज्य करणें हाच आजहि या रोगाचा मुख्य उपचार आहे.

आपल्या देशांत २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत या रोगाचें प्रमाण उत्तर भागांत शेंकडा १.२३, ईशान्य भागांत ०.८७ व दक्षिण भागांत ०.१० असें आढळलें. गहूं जेथें अधिक खातात तेथें रोग अधिक, असा त्याचा एकंदर रोख आहे. महाराष्ट्र हा भाकरीचा मुलूख. परंतु शहरांत सकाळीं बिस्किट, दुपारीं पोळी व संध्याकाळीं पाव असा क्रम पडत चालला आहे, हें आपण पाहतोंच.

खाजेचे प्रकार

सीलिअ‍ॅकच्या रोग्यास खाज सुटली म्हणजे ती गव्हाचीच असें धरून चालणें ही पहिली चूक होय; आणि खाज सुटली कीं गहूं सोडावा, ही दुसरी. खाजेचे निदान चार प्रकार ओळखतां आले पाहिजेत.

पहिला प्रकार खऱ्या गव्हाच्या खाजेचा. यास वैद्यकांत डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. फिलाडेल्फिया येथील डॉक्टर डूरिंग यांनीं १८८४ सालीं याचें वर्णन केलें. परंतु अशा रोग्यांचें आंतडेंहि बिघडलेलें असतें, हें १९६६ पर्यंत ध्यानीं आलें नव्हतें. यांत कोंपराच्या बाहेरील बाजूस, गुडघ्यांवर, कुल्ल्यांवर, पाठीवर व डोक्यांत बारीक पाणीदार फोडांचे पुंजके उठतात. ते बहुधा दोन्ही अंगांस सारखे असतात. आग व खाज इतकी असते कीं रोगी फोड खाजवून फोडून टाकतो आणि वैद्यापुढें जातांना केवळ ओरखडे उरतात.

दुसरा प्रकार इसबाचा. कातडी कोरडी पडून कोंपराच्या आंतील घडींत, गुडघ्यामागें, मानेवर व मनगटांवर लाल, खरखरीत चट्टे पडतात. पुण्याच्या कोरड्या थंडींत तो बळावतो. सीलिअ‍ॅकच्या रोग्यास हाहि असूं शकतो, पण त्याचें मूळ निराळें. गहूं सोडल्यानें तो हटेलच असा भरंवसा नाहीं. आणि ज्यास सीलिअ‍ॅक नाहीं, त्यानें केवळ इसबासाठीं गहूं सोडण्यांत अर्थ नाहीं.

तिसरा प्रकार शेतकऱ्याच्या विशेष परिचयाचा, तो गाजर गवताचा. हें तण १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नजरेस आलें, व आयात केलेल्या धान्याबरोबर तें या देशांत शिरलें असें सामान्यतः मानलें जातें. याची खाज चेहरा, पापण्या, मान व हात अशा उघड्या भागांवर उठते आणि गवताच्या हंगामांत वाढते. येथें पथ्य आहाराचें नसून गवताचें आहे: तें फुलण्यापूर्वीं उपटावें, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि ज्यास हें बाधतें त्यानें तें काम दुसऱ्यास सोंपवावें.

चौथा प्रकार खरूज व गजकर्ण यांचा. रात्रीं वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत असणारी व घरांतील अनेकांस एकदम सुटणारी खाज ही बहुधा खरूज होय. कडा लाल व मध्यें निवळलेलें असें वाटोळें चट्टें गजकर्णाचें. दुकानांतून कोणतेंहि मलम आणून लावण्याची जी संवय पडली आहे, तिनें याच ठिकाणीं मोठा अनर्थ होतो. कारण अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतें, त्यानें खाज चार दिवस दबते व गजकर्ण अंगभर पसरतें.

तपासणी व उपचार

एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. सीलिअ‍ॅकचा संशय आल्यास तपासणी होईपर्यंत गहूं सोडूं नये. रक्ताची परीक्षा व दुर्बिणीनें घेतलेला आंतड्याचा तुकडा यांवरून निदान होतें. आधींच गहूं सोडल्यास आंतडें सुधारूं लागतें व रोग असूनहि सांपडत नाहीं. गव्हाच्या खाजेचें निदान फोडालगतच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीचा कण तपासून करतात.

निदान पक्कें झाल्यावर पथ्य जन्मभर पाळावयाचें. आंतडें सुधारण्यास कित्येक महिने लागतात. त्वचेस त्याहूनहि अधिक, कधीं दोन वर्षेंपर्यंत, काळ लागतो. दरम्यान डॅप्सोन नांवाचें औषध डॉक्टर देतात. त्यानें खाज थोड्या दिवसांत थांबते. पण तें रक्तावर परिणाम करणारें असल्यामुळें आधीं व नंतर रक्त तपासावें लागतें, आणि त्यानें आंतडें बरें होत नाहीं. खाज थांबली म्हणून पोळी सुरू करणारा रोगी आपलीच फसवणूक करतो.

इसबाची उचल झाली असतां स्नान थोडक्यांत व कोमट पाण्यानें करावें, कढत पाण्यानें नव्हे. साबण सौम्य व बेताचा असावा. अंग टिपून ओलसर असतांनाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावें व दिवसांतून दोन-तीन वेळां लावीत जावें. नखें कापावीं, सुती कपडे वापरावे, लोकर अंगास लागूं देऊं नये. खाज असह्य झाल्यास खाजविण्याऐवजीं थंड पाण्यांत भिजविलेलें फडकें ठेवावें. रॉकेल, चुना यांसारखे जालीम उपाय कातडी जाळतात. ते कटाक्षानें टाळावे. पू, ताप किंवा वेगानें पसरणारा लाली-दाह दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

चालणारें व न चालणारें धान्य

जोंधळा, बाजरी, नाचणी, वरी, राळा, तांदूळ, मका, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा व सर्व डाळी यांत ग्लूटेन नाहीं. एकादशीस घरांतील सर्व मंडळी जें खातात, तें या रोग्यास बारा महिने चालतें. नाचणींत दर शंभर ग्रॅमांस सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो; हाडें ठिसूळ झालेल्यास ती विशेष हितकर. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आपल्या परिचयाची आहेच; मंगळवेढ्याच्या ज्वारीस तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

खपली गव्हाविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडील हा जुना गहूं पचनास हलका म्हणून पुण्यांत चांगल्या भावानें विकला जातो, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें एमएसीएस २९७१ ही त्याची बुटकी जातहि काढली आहे. पीक म्हणून तो उत्तम. परंतु तो गहूंच आहे, त्यांत ग्लूटेन आहे, आणि सीलिअ‍ॅकच्या रोग्यास तो "चालतो" म्हणून विकणें हें त्यास आजार विकणें होय.

घरगुती पदार्थांत गहूं पुष्कळ ठिकाणीं दडलेला असतो. रवा, सांजा, शेवया व कुरडया तर उघडच. परंतु थालीपिठाच्या भाजणींत, मेतकुटांत व सातूच्या पिठांत गहूं घालण्याची रीत आहे, आणि बाजारच्या बांधानी हिंगांत पुष्कळदां मैदा असतो. गणपतीच्या दिवसांत तांदुळाचे उकडीचे मोदक चालतात, कणकेचे तळलेले नाहींत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराहि नाहीं. यजमानानें याचा राग मानूं नये.

पांच दाण्यांचा हिशेब

आतां शेतकऱ्याच्या वांट्याचें काम. ज्या मालांत दर किलोस २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक ग्लूटेन नाहीं, त्यासच "ग्लूटेनमुक्त" म्हणावें असा आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. ही मर्यादा खळ्याच्या भाषेंत किती? गव्हाचा एक दाणा सुमारें ४० मिलिग्रॅम वजनाचा. त्यांत शेंकडा १२ प्रथिन धरलें तर पावणेपांच मिलिग्रॅम होतें, व त्याचे चार-पंचमांश म्हणजे पावणेचार मिलिग्रॅम ग्लूटेन. तेव्हां किलोभर शाळूंत गव्हाचे पांच दाणे आले कीं मर्यादा भरली, सहावा आला कीं ओलांडली. दररोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटांत गेल्यास रोग्याच्या आंतड्यास इजा होते, असें प्रयोगांत दिसलें आहे. म्हणजे दिवसास तेरा-चौदा दाण्यांचा प्रश्न. पथ्य पाळूनहि खाज उठणाऱ्या रोग्याचें कोडें पुष्कळदां याच हिशेबानें सुटतें.

रब्बींत शाळू व गहूं शेजारीं उभे असतात, मागेंपुढें काढले जातात व एकाच भाड्याच्या यंत्रांतून मळले जातात. सबब, या ग्राहकांसाठीं माल राखणारानें पुढील गोष्टी पाळाव्या:

१. बियाणें निवडून घ्यावें, व मागील वर्षीं गहूं असलेल्या वावरांत आपोआप उगवलेले गव्हाचे ताटे निसवण्यापूर्वीं उपटावे.

२. शाळूची मळणी गव्हापूर्वीं करावी. यंत्र बाहेरून आलें असल्यास चाळण्या उघडून झाडावें आणि पहिलें पोतें निराळें काढून जनावरांस किंवा सामान्य बाजारास द्यावें.

३. खळें, ताडपत्री व सूप स्वच्छ असावें. बारदान नवें घ्यावें. गव्हाचें उलटें करून वापरूं नये.

४. कणगी वा कोठी निराळी ठेवून तिच्यावर नांव लिहावें.

५. गुलटेकडीच्या मार्केट यार्डांतील भुसार बाजारांत माल एकदां ढिगांत मिसळला म्हणजे ही सारी मेहनत फुकट जाते. शक्य तर असा माल ग्राहकास थेट पोंचवावा.

६. परीक्षा करविल्यावांचून पिशवीवर "ग्लूटेनमुक्त" हा शब्द छापूं नये. "गव्हापासून निराळा राखलेला शाळू" एवढें खरें असेल तर तेवढेंच लिहावें.

ग्राहकानेंहि आपला वांटा उचलावा. जोंधळ्याच्या वाटोळ्या मोत्यांत गव्हाचा लांबट, चिरेचा दाणा ताटांत सहज ओळखूं येतो. धान्य निवडून, धुऊन, वाळवून मगच दळावें. गिरणीच्या दगडांत व पट्ट्यांत आधींच्या दळणाचें पीठ राहतें, म्हणून गव्हाच्या गिरणींत शाळू दळणें म्हणजे निवडण्याचे श्रम वायां घालविणें. घरची लहान गिरणी किंवा आजीचें जातें यास उत्तम. तवा, परात व डबा निराळा ठेवावा. ज्या शेतकऱ्यास स्वतःस हा विकार आहे, त्यानें गव्हाच्या मळणीच्या वेळीं तोंडास फडकें बांधावें, कारण धुरळा घशांतून पोटांत जातो. केवळ कातडीस पीठ लागल्यानें मात्र हा रोग चाळवत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा शाळू पुण्यास जातो, त्यांनीं येत्या हंगामांत दोन-चार पोतीं तरी वरील रीतीनें निराळीं काढून पाहावीं. गांवांतील पांच-सात जणांनीं मिळून गव्हापूर्वींच्या मळणीसाठीं एक यंत्र ठरविलें, तर खर्च फारसा वाढणार नाहीं. आणि ज्या घरांत एका मुलासाठीं रोज ताटांत दाणे निवडले जातात, त्या घरचें गिऱ्हाईक सहसा तुटणार नाहीं.