गीत कोणाचे?

२००९ साली ‘दिल्ली-६’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील ‘ससुराल गेंदा फूल’ हे गीत देशभर गाजले. रायपूरच्या श्रोत्यांना मात्र ते अनोळखी वाटले नाही. ते एका छत्तीसगढी लोकगीतावर आधारलेले होते आणि रायपूरच्या जोशी भगिनींच्या आवाजात ते गीत तेथे पूर्वीपासून परिचित होते. साहजिकच प्रश्न निर्माण झाला : मूळ शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि श्रेय कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर स्वामित्वहक्काच्या, म्हणजेच कॉपीराइटच्या कायद्यात शोधावे लागते. भारतात हा कायदा १९५७ साली संमत झाला. त्यानुसार एका गीतात तीन स्वतंत्र हक्क सामावलेले असतात : शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा. शब्द व चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. रचना झाली की हक्क आपोआप जन्माला येतो. परंपरेने चालत आलेल्या लोकगीताचा कर्ता मात्र बहुधा अज्ञात असतो. त्यामुळे हक्क सांगायला कोणी एक व्यक्ती पुढे येऊ शकत नाही.

गीताने देशाची सीमा ओलांडली तर? साऱ्या जगाला लागू होणारा एकच कायदा अस्तित्वात नाही. तथापि १८८६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एक करार झाला आणि १९२८ पासून भारत त्याचा सदस्य आहे. प्रत्येक सदस्य देशाने इतर सदस्य देशांतील कलावंतांना आपल्या नागरिकांप्रमाणेच संरक्षण द्यावे, हे या कराराचे मुख्य सूत्र होय. म्हणून रायपुरात रचलेल्या नव्या गीताला फ्रान्समध्ये फ्रेंच कायद्याचे, तर जपानमध्ये जपानी कायद्याचे संरक्षण मिळते.

या संरक्षणाचा उपयोग कसा होतो, हे एका घटनेवरून दिसते. ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटासाठी बप्पी लाहिरी यांनी संगीत दिलेल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गीताचा काही भाग २००२ साली एका अमेरिकन गीतात वापरला गेला. लाहिरी यांचे नाव त्यावर नव्हते. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांचे नाव छापल्याखेरीज ती ध्वनिमुद्रिका विकण्यास मनाई केली.

परंतु हक्क असणे पुरेसे नाही. तो सिद्ध करता आला पाहिजे. ‘आराधना’ (१९६९) चित्रपटातील एका गीताचा तुकडा अमेरिकेत वापरला गेल्याचा दावा सारेगामा कंपनीने तेथील न्यायालयात केला होता. न्यायालयाने भारतीय कायद्याच्या आधारे १९६७ सालचा करारनामा तपासला. त्या करारनाम्यावरून गीताच्या ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे नसल्याचे ठरले आणि २०११ मध्ये तिचे अपील फेटाळले गेले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या कागदावरील शब्दांनी निकाल ठरवला!

म्हणूनच नवोदित गीतकाराने रचनेची तारखेसह प्रत जपावी, करारावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा आणि शक्य तर स्वामित्वहक्क कार्यालयात नोंदणी करावी. नोंदणी सक्तीची नसली, तरी वादाच्या वेळी ती पुरावा ठरते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना आणखी एक आधार दिला. चित्रपटातील गीत चित्रपटगृहाबाहेर वाजले, तर स्वामित्वधनातील त्यांचा वाटा निर्मात्याला करारानेही काढून घेता येत नाही. हे धन गोळा करण्याचे काम १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. परदेशांतील तशाच संस्थांशी तिचे करार आहेत.

लोकगीताबाबत कायद्याचा हात तोकडा पडतो. तेथे जबाबदारी वापरणाऱ्याच्या विवेकावर येते. गीत कोणत्या प्रदेशातून आले आणि ते कोणी जपले, हे नमूद करण्यास पैसा लागत नाही. कर्त्याचे नाव हरवले असले, तरी गीताचे गाव हरवू नये.

स्वाध्याय
१. एका गीतात कोणते तीन हक्क असतात?
२. बर्न कराराचे मुख्य सूत्र स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या परिसरातील एक लोकगीत निवडा. ते कोण गातात व कोणत्या प्रसंगी गातात, याची माहिती मिळवून नोंद करा.