गणित सोडण्याआधी
हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. सब्जा भिजवला की बीभोवती जो बुळबुळीत थर धरतो, तो याच जातीचा. कोरडवाहू रानात ओल टिकावी म्हणून मातीत मिसळतात ते दाणेही हायड्रोजेलच.

कर्करोगाच्या औषधासाठीचे जेल भोवतालची परिस्थिती ओळखून बदलते. माती परीक्षणाच्या अहवालात असतो तोच सामू इथेही कामाला येतो. रक्ताचा सामू 7.4च्या आसपास असतो, गाठीभोवती तो बहुधा 7च्या खाली उतरतो. तेवढ्या फरकाने जाळे फुगते किंवा विरते आणि औषध सुटते. काही जेल उष्णतेला, काही प्रकाशाला, तर काही विकरांना प्रतिसाद देतात. औषध सगळ्या अंगात न फिरता गाठीपाशी रेंगाळावे, हा हेतू.

‘जेल्मायटो’ हे असेच एक औषध. मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील सौम्य प्रकारच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत एप्रिल 2020मध्ये मंजुरी मिळाली. तूप गारठ्यात थिजते. याचे उलटे आहे. गार असताना ते पातळ असते, म्हणून नळीतून आत सोडता येते. शरीराच्या उबेने ते घट्ट होते आणि त्यातल्या मायटोमायसिन या कर्करोगविरोधी औषधाला काही तास धरून ठेवते. नुसत्या पाण्यातले औषध लघवीबरोबर लगेच वाहून जाते.

असे जेल घडवतात ते रसायनशास्त्रज्ञ, औषधनिर्माणतज्ज्ञ आणि रासायनिक अभियंते. परभणी, सेलू, गंगाखेडच्या घरांत मात्र नीटचा निकाल लागला की एकच प्रश्न असतो: रिपीट लातूरला करायचे की नांदेडला? कर्करोगावर काम करायचे तर एमबीबीएसच हवे, हा समज चुकीचा आहे. मुलीला रसायनशास्त्र आवडते आणि आईवडिलांना दारावर डॉक्टरची पाटी हवी असते, तेव्हा वर्षे मुलीची जातात.

खरी चूक अकरावीतच होते. ‘मेडिकलच करायचे’ म्हणून गणित सोडले जाते. जेल किती फुगेल, औषध किती तासांत झिरपेल, हे सारे गणितच आहे. ते सोडले की रासायनिक अभियांत्रिकीची नेहमीची वाट बंद होते. आयसर या विज्ञानसंस्थांच्या प्रवेशपरीक्षेत तर भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांना सारखे प्रश्न असतात. झेपत असेल तर हे चारही विषय, म्हणजे पीसीएमबी, घ्यावेत. नीटही देता येते.

वाटा तीन. सीईटीतून बी.फार्म., मग जीपॅट देऊन फार्मास्युटिक्समध्ये एम.फार्म.; ही गणिताशिवायही खुली आहे. जिल्ह्यातच बी.एस्सी. रसायनशास्त्र, मग आयआयटी-जॅम. किंवा रासायनिक अभियांत्रिकी. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा कॅम्पस जालन्यालाच आहे.

संशोधनाची वाट लांब आहे. बारावीनंतर पीएच.डी. होईपर्यंत दहा वर्षे सहज जातात. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या काळात सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. लवकर पगार हवा असेल त्याने एम.फार्म. करून औषध कंपनीच्या फॉर्म्युलेशन विभागाकडे वळावे.