फॉर्म पुन्हा भरण्याआधी

छत्रपती संभाजीनगर

चि. ओंकार,


कॅनडाचं वर्क परमिट नाकारलं गेल्यापासून तू पैठणहून हललेला नाहीस आणि माझाही फोन उचलत नाहीस, असं ताई सांगत होती. म्हणून हे पत्र. मी रागावलेली नाही. तू पाठवलेले कागद मी रात्री नीट वाचले. एजंटाने भरलेल्या फॉर्ममध्ये दोन उत्तरं चुकीची आहेत. याआधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, याला ‘नाही’ लिहिलंय. तुझा इंग्लंडचा स्टुडंट व्हिसा नाकारला गेला होता हे तर घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं, वाळूजची तीन वर्षं थेट कंपनीची नोकरी म्हणून दाखवलीत. तू तर ठेकेदाराच्या हजेरीवर होतास.

आधी दिलासा. तुझ्या नकारपत्रात हे काम तुला करता येईल याची खात्री पटली नाही, एवढंच कारण आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० त्यात कुठेही नाही. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची गोष्ट लपवली, असा ठपका त्या कलमाखाली बसला की पाच वर्षं दार बंद. २०१४ पर्यंत ही मुदत दोन वर्षांची होती. तुला आज पुन्हा अर्ज करता येतो. पण नव्या अर्जात खरं लिहिलंस की जुन्यातलं खोटं समोर येणार, आणि अधिकारी तेव्हाही कलम ४० काढू शकतो. हा धोका मी तुझ्यापासून लपवणार नाही. मात्र तसं करण्याआधी त्याने तुझा खुलासा मागायला हवा. अधिकाऱ्याने मागायच्या आत खुलासा आपणच द्यायचा, असं माझं मत आहे.

इंग्लंडचं प्रकरण पुन्हा गाळू या, असं तुझा एजंट सांगतोय म्हणे. अजिबात ऐकू नकोस. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश बोटांचे ठसे आणि व्हिसाची माहिती एकमेकांशी ताडून पाहतात. पहिल्या वेळी निष्काळजीपणा म्हणता आला असता, दुसऱ्या वेळी तो हेतू ठरेल.

आणि ‘मी नाही, एजंटाने लिहिलं’ या वाक्यावर विसंबू नकोस. कलम ४० दुसऱ्याच्या हातून दिलेल्या खोट्या माहितीलाही लागू आहे, आणि फॉर्मखाली सही तुझी आहे. ब्रिटनमध्ये २०१० साली अपील न्यायालयाने एका नायजेरियन अर्जदाराच्या खटल्यात म्हटलं होतं की उत्तर नुसतं चुकीचं असून भागत नाही, त्यामागे अप्रामाणिकपणा हवा. कॅनडात मात्र प्रामाणिक चुकीची सवलत फार अरुंद आहे. पंजाबातल्या मुलांचं २०२३ चं प्रकरण आठव. प्रवेशाची बनावट पत्रं एजंटाने दिलेली, मुलांना ते कळलं काही वर्षांनी, कायम रहिवासासाठी अर्ज केल्यावर. तिथल्या मंत्र्यांनी हद्दपारी थांबवली खरी, पण आपण फसवले गेलो होतो हे ज्याला त्याला आपापल्या प्रकरणात दाखवावं लागलं.

आता वाळूजचं. ठेकेदाराकडे असणं यात लाज वाटण्यासारखं काय आहे रे? आपल्या एमआयडीसीतली किती पोरं अशीच सीएनसी शिकली. ईपीएफओच्या पासबुकात पीएफ भरणाऱ्याचं, म्हणजे ठेकेदाराचं, नाव असतं, बँकेतही पगार त्याच्याच खात्यातून आला; कंपनीचं नाव लिहिलं की कागद एकमेकांशी भांडतात. मालक म्हणून ठेकेदाराचं नाव लिही, कामाची जागा म्हणून कारखान्याचं, आणि कोणत्या मशीनवर काय केलंस ते ठेकेदाराच्या पत्रात सविस्तर येऊ दे. गेटपास असेल तर तोही जोड.

गावाच्या नावाचंही बघ. तुझ्या पासपोर्टवर आणि पदवीवर औरंगाबाद आहे, २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. जन्मस्थळ पासपोर्टप्रमाणेच लिही आणि नामांतराची एक ओळ खुलाशात टाक. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, तेही सांग.

खुलासा एका पानाचा पुरे. कोणती उत्तरं चुकली, कशी चुकली, खरं काय, सोबत कोणता पुरावा. इंग्लंडच्या नकारपत्राची प्रत जोड. एजंटाला शिव्या नकोत, रडगाणंही नको. तू फॉर्म न वाचता सही केलीस, हे तुझ्याच शब्दांत लिही. ते लिहिताना हात अडखळेल, तरी लिही. त्याआधी अधिकाऱ्याने तुझ्या फाईलवर काय नोंदवलंय ते मागव. २०२२ पासून परदेशातल्या अर्जदारालाही कॅनडाच्या गोपनीयता कायद्याखाली स्वतःच्या नोंदी मागता येतात.

एक गोष्ट मला खरंच सलते आहे. एलएमआयएसाठी, म्हणजे परदेशी कामगार ठेवायला कॅनडातला मालक जी सरकारी मंजुरी काढतो तिच्यासाठी, म्हणून एजंटाने तुझ्याकडून पैसे घेतलेत का? ते एक हजार डॉलर तिथल्या मालकाने भरायचे असतात, कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटालाही तीस हजार रुपये आणि जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेटच्या यादीत शोध. पैसे घेऊन कॅनडाचा अर्ज भरणारा माणूस तिथला वकील किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवानाधारक सल्लागार असावा लागतो आणि त्याचं नाव अर्जात यावं लागतं. तुझ्या अर्जात प्रतिनिधीचा रकाना कोरा आहे, ओंकार. पावत्या असतील तेवढ्या जपून ठेव. रक्कम मोठी असेल तर तक्रार मी लिहून देईन.

मालकाला मेल करून नोकरी अजून राखून आहे का आणि एलएमआयएची मुदत कधी संपते ते विचार. मुदत गेली असेल तर घाईने अर्ज करण्यात अर्थ नाही, मालकाला एलएमआयए नव्याने काढावी लागेल.

पासबुक आणि इंग्लंडचं पत्र आजच मला पाठव. पत्र सापडलं नाही तर जुन्या ईमेलमध्ये बघ. रविवारी हायकोर्टाच्या खंडपीठाला सुट्टी असते, मी पैठणला येते. नवा फॉर्म तूच भर, मी शेजारी बसेन.

तुझी,
मावशी