रूळ आणि रस्ता

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल हे डोंगराळ भागातील गाव आहे. या गावास आगगाडी नाही. येथील मुलास आगगाडी पाहावयाची असेल, तर त्याला प्रथम मोटारीत बसून वळणावळणाच्या रस्त्याने नाशिकला आणि तेथून नाशिक रोड स्थानकावर जावे लागते. म्हणजे त्याचा आगगाडीचा प्रवास रुळांवर सुरू होत नाही. तो रस्त्यावर सुरू होतो. आगगाडीची प्रतिकृती करणाऱ्यानेही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसते रूळ आणि डबे मांडले, तर एक खेळणे तयार होते. रुळांपर्यंत माणसांना आणणारा रस्ता वाहू लागला, म्हणजे त्याचे एक जग होते.

असे एक चिमुकले जग पुण्यात कोथरूड भागात आहे. भाऊ जोशी या छंदिष्ट गृहस्थांनी ते उभे केले. तेथे आगगाड्या आहेत. तसेच सिग्नल, पूल, दिव्याचे खांब, सर्कस आणि पोहण्याचा तलावही आहे. अशा प्रतिकृतींसाठी जगभर 1:87 हे प्रमाण फार वापरले जाते. खरी वस्तू प्रतिकृतीच्या 87 पट मोठी, असा त्याचा अर्थ. सुमारे 21 मीटर लांबीचा डबा या प्रमाणात सुमारे 24 सेंटिमीटरांचा होतो, आणि तुमच्याएवढा 140 सेंटिमीटर उंचीचा मुलगा सुमारे 1.6 सेंटिमीटरांचा!

भाऊ जोशी यांची पहिली मांडणी हलवता येण्याजोगी होती. ती ते प्रदर्शनांतून लोकांना दाखवीत. पण प्रत्येक प्रदर्शनासाठी सगळे उकलावे, वाहून न्यावे आणि पुन्हा जोडावे लागे. त्यात फार वेळ जाई, श्रम होत आणि नाजूक वस्तूंची मोडतोडही होई. तेव्हा हौसेने केलेली ती मांडणी तशीच चालवीत राहावी, की नव्याने आरंभ करावा? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला आणि कायमची मांडणी बांधावयास घेतली. 1 एप्रिल 1998 रोजी तिचे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

मांडणी नव्याने आखताना सर्वांत अवघड काम असते ते चालत्या रस्त्याचे. आगगाडीच्या चाकास आतल्या बाजूने कड असते. त्यामुळे रूळच तिला वळवितो. मोटारीला असा आधार कोठला? खऱ्या मोटारीत चालक असतो. बोटाएवढ्या मोटारीत तो कोठून आणावा? जर्मनीतील फालर या कारखान्याने 1989 मध्ये यावर एक युक्ती प्रचारात आणली. रस्त्यात बारीक खाच पाडून तीत लोखंडी तार बसवितात, आणि खाच बुजवून वरून रंग देतात. मोटारीच्या पुढच्या चाकांना जोडलेल्या दांडीस लहानसे लोहचुंबक असते. तार जिकडे वळेल, तिकडे लोहचुंबक ओढले जाते आणि चाके वळतात. मोटारीला ओढण्याचे काम मात्र तार करीत नाही. ते मोटारीतील विजेरीवर चालणारे यंत्र करते. मोटार थांबवावयाची असेल तेथे रस्त्याखाली विद्युतचुंबक बसवितात. त्यात वीज सोडली, की मोटार थांबते.

यावरून एक गोष्ट उघड होते. रस्ता शेवटी रंगवावयाचा नसतो; तो आरंभीच आखावा लागतो. तयार मांडणीत तो घालावयाचा, तर घरे उचलावी लागतात, झाडे काढावी लागतात आणि महिनोन्महिने खपून केलेली जमीन उकरावी लागते. हे करण्यास मन सहज धजत नाही.

रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात तेथे तर फार जपावे लागते. तेथे क्रम ठरलेला असतो. आधी मोटारी थांबाव्यात, मग फाटक पडावे आणि त्यानंतरच गाडीला सिग्नल मिळावा. खऱ्या रेल्वेतही सिग्नलशी जोडलेले फाटक बंद झाल्याखेरीज गाडीला पुढे जाण्याची खूण मिळत नाही. कारण भरधाव गाडी एकदम थांबू शकत नाही. चिमुकल्या जगात हा क्रम चुकला, तर एक खेळणे उलटते. खऱ्या जगात माणसांच्या जिवावर बेतते.

मुलांनो, पाहणाऱ्याला धावणारी मोटार तेवढी दिसते. तिला वाट दाखविणारी तार दिसत नाही. त्या तारेसाठी ज्याने आपलेच काम उकरले, त्याचे धैर्यही दिसत नाही. म्हणून एखादे चांगले काम पाहाल, तेव्हा त्याच्या पृष्ठभागाखाली काय असेल, याचाही विचार करा.

स्वाध्याय

1. भाऊ जोशी यांनी कायमची मांडणी का बांधली?
2. रुळावरची गाडी आणि रस्त्यावरची मोटार यांच्या वळण्यात कोणता फरक आहे?
3. फाटकापाशी कोणता क्रम पाळतात? का?
4. उपक्रम : पातळ पुठ्ठ्याखाली लोखंडी तार वळणे देऊन चिकटवा. पुठ्ठ्यावरून लोहचुंबक हळूहळू फिरवून तारेचा मार्ग शोधा आणि तो पेन्सिलीने रेखा.