जिभेला न कळणारे दूषण : शहरी भूजलातील जड धातूंचे मूल्यमापन

वऱ्हाडात पाणी चवीवरून पारखण्याची सवय जुनी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला असल्याने गोड्या पाण्याची विहीर कोणती, हे तेथील लहान मूलही सांगते. परंतु शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे जड धातू अपायकारक प्रमाणात असले, तरी ते जिभेला कळत नाहीत. जपानमधील तोयामा भागात कॅडमियममुळे हाडे ठिसूळ करणारा रोग पसरला. त्याचे कारण तेथील शासनाने 1968 मध्ये मान्य केले. शिशाने मुलांच्या बौद्धिक वाढीस बाध येतो.

अमरावती शहरास ऊर्ध्व वर्धा धरणातून, तर अकोला शहरास महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते. नळाचे पाणी अपुरे पडले की हातपंप व विंधण विहिरींचा आधार घ्यावा लागतो. धातू काही अंशी खडकातून येतात. मुलामा देण्याचे कारखाने, जुन्या बॅटऱ्या व कचऱ्याचे ढीग यांतूनही ते झिरपतात. काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते. म्हणून शेजारच्या दोन विहिरींचे पाणीही भिन्न असू शकते. एका विहिरीचा अहवाल साऱ्या वस्तीस लागू करू नये.

नमुना उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर असा दोनदा घ्यावा. पंप काही मिनिटे चालवून, आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरावे व त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालावे. अन्यथा धातू बाटलीच्या भिंतीस चिकटतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

भारतीय मानकानुसार (आयएस 10500 : 2012) दर लिटरमागे शिसे 0.01, कॅडमियम 0.003 व एकूण क्रोमियम 0.05 मिलिग्रॅमहून अधिक नसावे. अनेक धातूंचा एकत्रित विचार करण्यासाठी प्रदूषण निर्देशांक काढतात. प्रत्येक धातूचे प्रमाण मर्यादेच्या किती टक्के आहे, ते पाहावे. त्यास मर्यादेच्या व्यस्तांकाएवढा भार द्यावा. गुणाकारांच्या बेरजेस भारांच्या बेरजेने भागावे. 100 हून अधिक निर्देशांक धोक्याचा मानतात.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. शिसे 0.02, कॅडमियम 0.0015 व क्रोमियम 0.025 मिलिग्रॅम आढळले. टक्केवारी अनुक्रमे 200, 50 व 50. भार 100, 333.3 व 20. निर्देशांक सुमारे 83 येतो. आकडा 100 च्या आत आहे. पण शिसे मर्यादेच्या दुप्पट आहे! तेव्हा निर्देशांकाचा उपयोग विहिरींची तुलना करण्यासाठी व कामाचा अग्रक्रम ठरविण्यासाठी करावा. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हे मात्र प्रत्येक धातूचा आकडा स्वतंत्रपणे पाहूनच ठरवावे.

पाणी उकळल्याने धातू जात नाहीत; उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. विरंजक चूर्णाने जंतू मरतात, धातू तसेच राहतात. म्हणून एकाही धातूने मर्यादा ओलांडल्यास त्या पंपावर ‘पिण्यास अयोग्य’ अशी ठळक पाटी लावावी, पिण्याच्या पाण्याची पर्यायी सोय करावी आणि नमुना पुन्हा तपासून घ्यावा. अहवाल कार्यालयाच्या धारिकेत न ठेवता वस्तीत व शाळेत वाचून दाखवावा. जे जिभेला कळत नाही, ते लोकांना सांगणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्यच होय.